याकोबभाऊंसाठी लिहिलेली प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत माणूस किती भाविक ते त्याच्या प्रार्थनेच्या लांबीवरून ठरायचं. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते आणि या बाबतीत त्यांचा पहिल्या तिघांत नंबर होता. रविवारी पाळकसाहेब म्हणायचे, "आता आपले कंपाउंडरभाऊ आपल्याला प्रार्थनेत चालवतील," की बायका एकमेकींकडे बघायच्या, कारण जवळजवळ प्रत्येकीनं घरी चुलीवर मटण ठेवलेलं असायचं. नाना उभे राहायचे, खाकरायचे, डोळे मिटायचे आणि "हे सनातन, सर्वसमर्थ, परमदयाळू, कनवाळू स्वर्गीय बापा" इथून निघायचे. तिथून राष्ट्रपती, राज्यपाल, जिल्हाधिकारी, सिव्हिल सर्जन, मग प्रवासात असलेले, अंथरुणाला खिळलेले, विधवा, अनाथ, पाऊस, कपाशी, केळी, आणि वाटेत कोणी राहून गेलं असेल तर परत फिरून त्यालाही घ्यायचे. आई डोळे मिटूनच पुटपुटायची, "जिल्हाधिकारी झाले. आता उतरवायला हवं होतं." घर चर्चच्या पाठीमागेच होतं, पण प्रार्थना चालू असताना जागचं हलायचं नाही असा नियम. त्यामुळे आमच्याकडे रविवारचं मटण कायम तळाला लागलेलं असायचं. मला कितीतरी वर्षं तीच मटणाची खरी चव वाटायची.

हेच नाना घरात आले की अहिराणीत बोलायचे. भाजीत मीठ कमी पडलं, सायकल पंक्चर झाली, पेशंटनं बाटली फोडली, सगळं अहिराणीत. देवासाठी मात्र त्यांच्याकडे वेगळं मराठी होतं, पेटीतल्या कोटासारखं रविवारपुरतं बाहेर काढलेलं. मला लहानपणी वाटायचं की देवाला अहिराणी येत नसावी. हे मी कोणाला विचारलं नाही, कारण उत्तर उघडच होतं. तो एवढ्या मोठ्या चर्चमध्ये राहायचा आणि तिथे "आहे"ला "शे" म्हणणारं कोणीच नव्हतं.

दवाखान्यात नानांच्या खोलीत तीन मोठ्या बरण्या होत्या. खोकल्याला लाल औषध, पोटाला पांढरं, आणि बाकी सगळ्याला तपकिरी. बाटलीत औषध ओतून बाजूला कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर डोसाच्या खुणा. त्या पट्ट्या कापायचं काम शाळेतून आल्यावर माझ्याकडे असे. माझं अक्षर चांगलं होतं आणि नानांच्या प्रार्थना मला सगळ्या पाठ होत्या. या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या आणि चौदाव्या वर्षी मी मंडळीला प्रार्थना लिहून द्यायला लागले.

यात माझा दोष नाही असं मी म्हणत नाही, पण गरज होती. पाळकसाहेबांना अशी सवय की प्रार्थनेला कोणाला उठवतील ते आधी सांगायचे नाहीत. उपदेश संपत आला की निम्मी मंडळी मान खाली घालायची, दोघाचौघांना जोराचा खोकला यायचा आणि ते बाहेर जायचे. दवाखान्याचे धोबीकाका एकदा उठले, "हे स्वर्गीय बापा" म्हणाले, आणि त्यापुढे इतका वेळ गप्प राहिले की पाळकसाहेबांनी डोळे उघडून बघितलं. त्या आठवड्यात धोबीकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले. "तुले येस ना वं बठ्ठं? लिखी दे माले." मी लिहून दिलं. त्यांनी चार पेरू आणून दिले. मग लॅबमधल्या बाई आल्या, मग वॉचमन, मग दोन नर्सा. माझी पद्धत नानांच्या बरण्यांवरून घेतलेली होती. सुरुवात आणि शेवट सगळ्यांना सारखा, मधे आजाराप्रमाणे रंग. वाक्यात जिथे श्वास घ्यायचा तिथे मी उभी रेघ मारायची, डोसाच्या पट्टीसारखी. प्रार्थनेत डोळे मिटलेले असतात, तेव्हा कागद बघून चालत नाही, पाठच करावं लागतं. आणि कोणाला सांगायचं नाही. शपथ घ्यायला शास्त्रात मनाई आहे, म्हणून मी गिऱ्हाइकाकडून नुसता शब्द घ्यायची. प्रत्येक प्रार्थना कोणाला दिली ते मी एका वहीत लिहून ठेवायची, म्हणजे तीच पुन्हा त्याच माणसाला जायला नको. तरी एकदा घोटाळा झालाच. एकाच रविवारी धोबीकाका आणि लॅबच्या बाई दोघांनी एकच प्रार्थना केली, शब्दाला शब्द. पाळकसाहेब म्हणाले, "आत्म्याची एकता म्हणतात ती ही."

आता याकोबभाऊ. दवाखान्याची जीप चालवायचे. मूळ शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे. उंच, काळे, हाताचे पंजे भाकरीएवढे. त्यांची बायको सगुणाबाई मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायची. तिची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्लेली माणसं आजही भेटली की आधी तिची आठवण काढतात आणि मग माझी चौकशी करतात. याकोबभाऊ दारू प्यायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यावर बोलत नव्हतं, पण एका नाताळात त्यांनी जीप थेट चर्चपुढच्या मांडवात घातली. कोणाला लागलं नाही. फक्त वरचा मोठा तारा जीपच्या टपावर येऊन पडला आणि तो घेऊनच ते बोर्डिंगच्या दारापर्यंत गेले. पंचकमिटीनं, तिच्यात नानाही होते, त्यांना शिस्तीखाली घातलं. म्हणजे प्रभुभोजन बंद, मतदान बंद, वेदीपुढे उभं राहायचं नाही. याकोबभाऊंनी त्या दिवसापासून दारू सोडली. खरोखर सोडली. पण शिस्त उठवायची तर पूर्ण मंडळीपुढे उभं राहून कबुलीची प्रार्थना करावी लागे, आणि तिला ते घाबरत होते. सातपुड्याच्या घाटातून बाळंतीण घेऊन जीप उतरवणारा माणूस, प्रार्थना म्हटलं की त्याच्या कपाळाला घाम यायचा.

अशात त्यांच्या ज्योत्स्नाचं लग्न ठरलं. ज्योत्स्ना माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, नर्सिंग नुकतंच झालेलं, आणि मला ती इतकी आवडायची की मी तिच्यासारखी वेणी घालायची. मुलगा जळगावचा, शाळेत मास्तर. मुलाचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले आणि तिकडच्या मंडळीत पंच. त्यांनी एकच अट घातली. मुलीचा बाप शिस्तीखाली असेल तर लग्न नाही. कबुली आधी, मग तीन रविवार चर्चमध्ये लग्नाचा पुकार, मग लग्न. आणि ती कबुली ऐकायला आपण स्वतः येणार, अमक्या रविवारी. ज्योत्स्ना आमच्याकडे येऊन आईजवळ रडली. "बाबांना जमणार नाही हो मावशी. ते उभे राहतील आणि नुसते उभेच राहतील."

दुसऱ्या दिवशी याकोबभाऊ औषधखोलीच्या मागच्या दाराशी आले. "करुणामाय," म्हणाले, "माले एक प्रार्थना लिखी दे. कबुलीनी. पक्की पाहिजे. यामा दारूनं येवाले पाहिजे, आखो काही ऱ्हायनं नही पाहिजे. व्याही बठा राही समोर."

काही राहायला नको, हे मी मनावर घेतलं. मी तीन दिवस त्या प्रार्थनेवर बसले. सुरुवात नानांची घेतली. मग बायबलच्या नव्या करारातल्या एका पत्रात देहाच्या वाईट कर्मांची यादी आहे, तिच्यात दारूबाजी दिसली. मला इतका आनंद झाला की मी पूर्ण यादीच उतरवली. एकटी दारू तिथे फार उघडी दिसत होती, बाकीच्यांच्या रांगेत ती भारदस्त वाटली. जारकर्म, मूर्तिपूजा, चेटूक, कलह, फुटी, दारूबाजी आणि पुढचं सगळं. यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आजच्या मुलांना याचं हसू येईल, पण आम्हाला तेव्हा कोण सांगणार होतं? शब्बाथ शाळेच्या बाई दहा आज्ञांचा अर्थ सांगताना सहावीवरून थेट आठवीवर जायच्या. सातवी, 'व्यभिचार करू नको', आम्हाला नुसती पाठ होती, तेवढं त्यांना पुरत होतं.

याकोबभाऊ जीप धुताना पाठ करायचे. मी पायरीवर बसून कागद धरायची, ते फडकं मारत म्हणायचे, रेघ आली की फडकं थांबवून श्वास घ्यायचे. आठ दिवसांत प्रार्थना आणि जीप दोन्ही चकाचक झाली. एकदाच ते अडले. "हाई जारकर्म काय शे वं, माय?"

"मोठा शब्द आहे, भाऊ. बायबलमधला."

त्यांनी विचार केला. "मोठा शे ना? मंग ऱ्हाऊ दे."

तो रविवार आला. जळगावचे व्याही पहिल्या बाकावर, मांडीवर टोपी. पाळकसाहेबांनी याकोबभाऊंना पुढे बोलावलं. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यांनी डोळे मिटले आणि माझी प्रार्थना सुरू केली. काय सांगू, माझा ऊर भरून आला. एकही अडखळ नाही. प्रत्येक रेघेला श्वास. नानासुद्धा हळूच मान डोलवत होते, त्यांचीच वाक्यं होती. मग यादी आली. "हे प्रभो, मी तुझ्या समक्ष आणि या मंडळीसमक्ष कबूल करतो, की मी जारकर्म केले आहे." श्वास. "मी मूर्तिपूजा केली आहे, मी चेटूक केले आहे." श्वास. दारूबाजीपर्यंत ते पोचले तेव्हा कोणाचे डोळे मिटलेले नव्हते. हे मला माहीत आहे, कारण माझेही उघडे होते आणि मला वाटत होतं की सगळे प्रार्थनेच्या सौंदर्यानं थक्क झालेत. डोळे मिटलेला चर्चमध्ये एकच माणूस होता, याकोबभाऊ. सगुणाबाई बायकांच्या बाजूनं निघाली, पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर गेली. प्रार्थना चालू असताना आमच्याकडे कोणी जागचं हलत नसे. याकोबभाऊ "आमेन" म्हणाले. एरवी पूर्ण चर्च आमेन म्हणतं. त्या दिवशी कोणीच म्हटलं नाही.

पंचांना उपासनेनंतर लगेच पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात बोलावलं गेलं. मी घरी आले. आई चुलीपुढे होती आणि मटण त्या दिवशी लागलेलं नव्हतं. तिचा चेहरा बघून मी विचारलं, "आई, जारकर्म म्हणजे काय?"

आईच्या हातातला डाव थांबला. "हा शब्द तुला कोणी सांगितला?"

"याकोबभाऊंनी."

आईनं डाव खाली ठेवला. मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो, म्हणून मी दुरुस्त केलं, "म्हणजे, मीच त्यांना शिकवलं."

यानंतर जे घडलं ते थोडक्यात सांगते. आधी पाठीत धपाटा बसला, मग मी रडत रडत वहीचं सांगितलं, मग आणखी एक धपाटा बसला, आणि मग आईनं मला एका वाक्यात तो शब्द समजावला. "आपली बायको सोडून परक्या बाईकडे जाणं, करुणा. त्या माणसानं सोयऱ्यापुढे, बायकोपुढे, मुलीपुढे असं कबूल केलं." मला सगुणाबाईचा पदर आठवला. ज्योत्स्ना आठवली. पुकार पुढच्या रविवारपासून लागायचे होते. माझ्या डोळ्यांपुढे तिचं लग्न मोडलेलं दिसलं आणि ते मी सुंदर अक्षरात मोडलं होतं. आई म्हणाली, "वही घे."

जाताना आईनं बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचं दार वाजवलं. सगुणाबाईनं आतून कडी लावली होती. मुली ताटं घेऊन बाहेर बसल्या होत्या, उपाशी. ज्योत्स्ना दाराशी डोकं टेकून उभी होती. आई दाराच्या फटीतून म्हणाली, "सगुणा, तुझ्या नवऱ्यानं काही केलेलं नाही. माझ्या कार्टीनं केलंय. बाहेर ये आणि ऐक." थोड्या वेळानं कडी निघाली. सगुणाबाईनं माझ्याकडे बघितलं आणि पिठाचे हात पदराला पुसले.

व्हरांड्यात पंच खुर्च्यांवर, याकोबभाऊ मधे उभे. आम्ही पायऱ्यांशी पोचलो तेव्हा पाळकसाहेब विचारत होते, "मग ती बाई कोण, ते तरी सांग."

"बाई नही शे, साहेब," याकोबभाऊ म्हणाले. तोवर त्यांना कोणीतरी अर्थ सांगितला असावा. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"मग तू देवापुढे खोटं बोललास?"

"नही साहेब. खोटं नही. माले ते समजनं नही."

"न समजता बोललास? हे शब्द तुझ्या तोंडी आले कुठून?"

याकोबभाऊ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते सांगता नही येस. मी शबूद देयेल शे."

जळगावचे व्याही पहिल्यांदाच बोलले. "झालं. आणखी काय पुरावा हवाय? कोणा बाईला पाठीशी घालतोय हा माणूस."

आणि ते खरंच होतं. ती बाई चौदा वर्षांची होती, दोन वेण्या, हातात वही, पायरीवर उभी. वाटलं, नाना तिथे बसलेत, पंच म्हणून, माझ्या तोंडून हे निघालं की त्यांची मान खाली. धोबीकाकांचं नाव निघणार, नर्सांचं निघणार. पण मी याकोबभाऊंकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. मुलीचं लग्न हातचं जात होतं आणि हा माणूस मला दिलेला शब्द राखत उभा होता. मी वर चढले आणि म्हणाले, "ती प्रार्थना मी लिहिली. यादी पुस्तकातून उतरवली. भाऊंनी विचारलं होतं अर्थ काय, मी सांगितला नाही, कारण मला येत नव्हता." आणि वही टेबलावर ठेवली.

पाळकसाहेबांनी वही उघडली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. नाव बघायचे, मग मजकूर, मग पुन्हा नाव. पंचांपैकी दोघांना खोकला सुटला. एका पानावर पाळकसाहेब फार वेळ थांबले. पाळकबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्यांना ते पान दिसलं आणि त्या ट्रेसकट आत गेल्या. साहेबांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली नाही. नाना माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर त्या मिटलेल्या वहीवर होती. आतली सगळी वाक्यं त्यांची होती, हे त्यांना मुखपृष्ठावरूनही कळलं असणार.

मग पाळकसाहेब म्हणाले, "याकोब, आता डोळे मीट. तुझं जे असेल ते बोल."

"साहेब, माले मराठी नही येस तसं."

"येतं तसं बोल."

याकोबभाऊंनी डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी मिटले. मग ते बोलायला लागले, जीपपाशी बोलायचे त्याच आवाजात.

"देवबापा, मी दारू पिधी. तुले माहीत शे, बठ्ठास्ले माहीत शे. तुना मांडव मोडा. तारा पाडा. पन ते जाऊ दे. मी घर जाऊ तवय सगुणा भाकर झाकीसन ठेये. मी ताटले लाथ मारू. ती बोले नही. भाकर येची ले आनि दुसरी करी दे. हाई मी कोनले सांगं नही. आते तुले सांगस. आठ महिना व्हई ग्यात, पिधी नही. याद येस, खोटं काब्र बोलू, रोज याद येस. तू धरी ठेव माले. मन्ही पोर शे, तिना लगीनमा तिना जोडे माले उभं ऱ्हाऊ दे. आनि या करुणाले कोनी मारू नका. तिनी चांगलंच लिखेल व्हतं, माले समजनं नही. येशूना नावथीन मांगस. आमेन."

प्रार्थना संपली हे कळायला आम्हाला वेळ लागला. इतकी लहान प्रार्थना आमच्याकडे जेवणाआधीही कोणी करत नसे. पहिलं "आमेन" पायरीवरून आलं, सगुणाबाईचं. ती रडत होती, उघड रडत होती, आणि माझ्या आईचा हात तिनं इतका घट्ट धरला होता की आईच्या बांगड्या मनगटात रुतल्या. नाना रुमालानं चष्मा पुसत होते. मी तर ढसाढसा रडले. धपाट्यांनी आलं नव्हतं इतकं रडू आलं. जळगावचे व्याही मांडीवरची टोपी फिरवत राहिले, एक फेरी, दोन फेऱ्या. शेवटी पाळकसाहेबांना म्हणाले, "पुकार पुढच्या रविवारपासून लावा." आणि जरा थांबून, "मघाशी चहा येणार होता ना?"

ज्योत्स्नाचं लग्न झालं. तिच्या शेजारी याकोबभाऊ उभे होते, तोच पांढरा शर्ट. आता ती जळगावलाच असते, नातवंडं मोठी झालीत. तिचे मेसेज येतात मला, फुलांच्या चित्रावर छापलेल्या लांबलचक प्रार्थना, "अकरा जणांना पाठवा". परवा मी तिला फोन करून म्हटलं, बाई गं, यातलं एक वाक्य तरी वाचलंस का? म्हणाली, नाही गं, छान वाटल्या म्हणून पाठवल्या. मी काय बोलणार? माझं तोंड आहे का बोलायला?

शिक्षा मला व्हायचीच होती. पाळकसाहेबांनी सांगितलं, पुढच्या रविवारी पूर्ण मंडळीपुढे करुणानं प्रार्थनेत चालवायचं, लिहून नाही, पाठ करून नाही. त्या आठवड्यात आईनं घरातली पेन्सिलसुद्धा उचलून ठेवली. मी मनात जुळवायला लागले की "हे सनातन" येऊन बसायचं आणि पुढचं सगळं आपोआप यायचं. गुरुवारी औषधखोलीत पट्ट्या कापताना मी नानांना विचारलं, "नाना, मी काय बोलू?" नाना बाटलीत तपकिरी औषध ओतत होते. म्हणाले, "माले नको इचारू, माय. मन्हं बठ्ठं मन्हा बापकडथीन पाठ करेल शे. त्यानी कोनाकडथीन लिधं, त्याले माहीत." एवढं बोलून त्यांनी बूच लावलं. त्यांच्या तोंडून मी असं काही कधीच ऐकलं नव्हतं. त्यानंतर नानांची प्रार्थना आखूड होत गेली. जिल्हाधिकारी गेले, मग राज्यपाल गेले. शेवटी शेवटी तर ते उभे राहून दोन वाक्यं बोलायचे आणि त्यांतलं एक अहिराणीत असायचं. मंडळीतल्या बायका मला अजून त्याचं श्रेय देतात, पण ते मटणासाठी.

रविवारी मी पुढे उभी राहिले. सगळ्यांनी उठून उभं राहून डोळे मिटले. धोबीकाकांनी तर फार घट्ट मिटले. माझ्या डोक्यात एक अक्षर नव्हतं. बाहेर बोर्डिंगच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. त्या दिवशी मला कळलं की याकोबभाऊंना घाम का यायचा. मग पुरुषांच्या बाजूनं, मागून तिसऱ्या बाकावरून, याकोबभाऊंचा आवाज आला, हळू, जीप मागे घेताना द्यायचे तसा. "सांग ना, माय. काय व्हयनं ते सांगी दे त्याले."

मग मी सांगितलं. "देवबापा, मी पुस्तकातून पापांची यादी उतरवली. जारकर्म म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, आता माहीत झालंय. सगुणाबाई माझ्यामुळे रडल्या. त्या दिवशी बोर्डिंगच्या मुली दुपारपर्यंत उपाशी होत्या. मला माझ्या अक्षराचा फार गर्व होता, अजून आहे. मला पेरू आवडायचे. मला वाटायचं तुला अहिराणी येत नाही." इथे कुठेतरी हसू फुटलं आणि दाबलं गेलं. पुढे मला काही सुचेना. बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं. मी जाऊन आईशेजारी बसले.

बसल्यावर लक्षात आलं की चर्च अजून डोळे मिटूनच उभं आहे. मी आमेन म्हणायची विसरले होते, आणि आमेन झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी बसत नसे. पुन्हा उठायचा मला धीर होईना. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे बघितलं नाही. कावळा पत्र्यावरून उडाला. मग मागून तिसऱ्या बाकावरून याकोबभाऊ मोठ्यानं म्हणाले, "आमेन." आणि सगळे बसले.